स्ट्रॅटेजी गेम्ससाठी लॅपटॉप: १४ इंची जास्त रिझोल्युशनवाला की १६ इंची साधा?

तिरका_उंट:
मंडळी, लॅपटॉप घ्यायचाय आणि दोन मॉडेल्सवर गाडी अडकलीये. एक १४ इंची, २५६०×१६०० चा. दुसरा १६ इंची, १९२०×१२०० चा. प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच, ग्राफिक्स कार्डही सारखंच, मधल्या फळीतलं. शूटिंग नाही, रेसिंग नाही, माझा सगळा वेळ एज ऑफ एम्पायर्स २ डेफिनिटिव्ह एडिशन, सिव्हिलायझेशन ६ आणि क्रुसेडर किंग्ज ३ मध्ये जातो, मधूनच जुनं काहीतरी काढून खेळतो.

रिव्ह्यू बरेच बघितले पण सगळे फ्रेम रेटवर बोलतात आणि मला जे पाहिजे ते कोणी सांगतच नाही. म्हणजे बघा, जास्त रिझोल्युशन असलं की नकाशा जास्त दिसतो का? की फक्त तेवढाच नकाशा जास्त रेखीव दिसतो? आणि १४ इंचावर एवढं रिझोल्युशन म्हणजे क्रुसेडर किंग्जमधली ती सगळी माहितीची खिडकी, त्यातली अक्षरं, वारसदारांची यादी, हे वाचता येणार का? सलग तीन-चार तास बसतो मी, डोळ्यांचा विचार करावाच लागतो. ज्यांनी दोन्ही प्रकार वापरलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

मिनीमॅप:
रिझोल्युशन जास्त ते कधीही चांगलं. कमी करता येतं, वाढवता येत नाही. १४ वाला घे डोळे झाकून.

पिक्सेलमोजणी:
मिनीमॅप, इथे असहमत आहे आणि जरा लांबण लावणार आहे कारण स्ट्रॅटेजी गेम्सचं गणित बाकीच्या गेम्सपेक्षा खरंच वेगळं आहे. शूटिंग गेममध्ये तुम्ही चित्र बघता. इथे तुम्ही वाचता. आकडे, टूलटिप (माऊस नेला की उघडणारी माहितीची चौकट), कुणाचं सैन्य किती, कुठल्या शहरात काय बनतंय, अर्धा वेळ वाचनच चालू असतं. त्यामुळे पहिला प्रश्न "पिक्सेल किती" हा नाहीच, "अक्षर किती मिलिमीटरचं पडतं" हा आहे.

आता हिशोब करू. समजा गेममधलं एक अक्षर १२ पिक्सेल उंच आहे आणि गेमचं यूआय स्केल (म्हणजे बटणं, खिडक्या, मजकूर यांचा आकार) १०० टक्के आहे. १५.६ इंची फुल एचडी (१९२०×१०८०) पडद्यावर एका इंचात साधारण १४१ पिक्सेल बसतात, म्हणजे ते अक्षर २.२ मिमी उंच. १६ इंची १९२०×१२०० वर पण जवळजवळ तेवढंच, कारण तिथेही १४१-१४२ च येतात. १४ इंची २५६०×१६०० वर इंचाला २१६ पिक्सेल, तेच अक्षर १.४ मिमी. आणि १५.६ इंची फोर-के (३८४०×२१६०) पडद्यावर २८२ पिक्सेल, अक्षर १.१ मिमी. पट्टी घेऊन कागदावर १.४ मिमीचं अक्षर काढून बघा आणि ते हातभर लांब धरून वाचा, म्हणजे मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

साहजिकच तुम्ही म्हणाल की स्केलिंग वाढवू. बरोबर, वाढवावंच लागेल. १४ इंचीवर यूआय १५० टक्के केलं की अक्षराचा आकार १६ इंचीवरच्या १०० टक्क्यांइतका होतो. पण मग पडद्यावर मावणाऱ्या गोष्टींच्या दृष्टीने तुमचा २५६०×१६०० चा पडदा १७०७×१०६७ सारखा वागायला लागतो. तिकडे १६ इंचीवर त्याच आकाराच्या अक्षरांत पूर्ण १९२०×१२०० मोकळं आहे, साधारण २६ टक्के जास्त जागा. म्हणजे वाचता येईल असं अक्षर एकदा ठरवलं की पडद्यावर किती खिडक्या मावणार हे इंचावर ठरतं, रिझोल्युशनवर नाही. रिझोल्युशन फक्त ते अक्षर किती रेखीव दिसेल एवढंच ठरवतं.

तिरका_उंट:
हे कोणीच असं सांगितलं नव्हतं, खूप आभार. पण मग रेखीवपणाचं काय, तो फरक खेळताना जाणवतो का? आणि नकाशाचा प्रश्न राहिलाच.

पिक्सेलमोजणी:
रेखीवपणाचं सांगतो. नेत्रतज्ज्ञ ज्याला ६/६ नजर म्हणतात ती म्हणजे साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखू येणं. ६० सेंटीमीटरवरून बघितलं तर ते ०.१७ मिमीच्या आसपास येतं, ५० सेंटीमीटरवरून ०.१५ मिमीच्या आसपास. १६ इंची १९२०×१२०० चा एक पिक्सेल ०.१८ मिमी आहे. म्हणजे लॅपटॉप मांडून नीट टेकून बसलात तर तो पडदा नजरेच्या मर्यादेच्या अगदी जवळ आहे, थोडा पुढे वाकलात तर अक्षरांच्या कडा किंचित खरबरीत जाणवतील. २१६ पिक्सेलवाल्यावर पिक्सेल ०.१२ मिमी, तिथे ५० वरूनही काही वेगळं दिसणार नाही. त्यामुळे फरक आहे, नाही असं नाही, पुस्तकासारखी छपाई दिसते १४ वर. पण १५.६ इंची फोर-के मात्र माझ्या मते या गेम्ससाठी वाया आहे, डोळ्याला न दिसणाऱ्या तपशिलासाठी ग्राफिक्स कार्ड फुल एचडीच्या चौपट पिक्सेल रंगवत बसतं.

नकाशाचं गेमनुसार वेगळं आहे, ते इथले जुने खेळाडू जास्त चांगलं सांगतील.

जुना_किल्लेदार:
नकाशाचं मी सांगतो, कारण ९९ सालच्या मूळ एज ऑफ एम्पायर्स २ पासून खेळतोय. त्या काळी रिझोल्युशन म्हणजे थेट नकाशा होता. घोडेस्वार किंवा बैलगाडी ठराविक पिक्सेलचीच, झूम नाहीच, त्यामुळे ८००×६०० वर जेवढं दिसायचं त्याच्या अडीचपटीहून जास्त १२८०×१०२४ वर दिसायचं. शत्रूचे घोडेस्वार जंगलाच्या कडेने येताना मोठ्या मॉनिटरवाल्याला आधी कळायचे, सरळ सरळ फायदा होता तो. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये माऊसच्या चाकाने झूम करता येतो त्यामुळे तो हिशोब आता बराचसा संपला. तिथे खरी अडचण उलटी आहे. नकाशा मागे घेऊन बघायचा म्हटलं की गावकरी एवढेसे होतात, आणि लहान पडद्यावर गर्दीतून एकच मंक (धर्मगुरू) किंवा एकच मॅंगोनेल (दगडफेकीचं यंत्र) पकडून क्लिक करणं अवघड होतं. तिथे इंच लागतात इंच.

स्टारक्राफ्ट २ मध्ये वेगळं. तिथे कॅमेऱ्याची उंची ठरलेली आहे, रिझोल्युशन कितीही वाढवा, नकाशा तेवढाच. पडद्याच्या आकाराचा, म्हणजे लांबी-रुंदीच्या प्रमाणाचा मात्र फरक पडतो, १६:९ वर डावी-उजवीकडचा भाग १६:१० पेक्षा जास्त दिसतो. हे स्पर्धात्मक खेळणाऱ्याला माहीत असायला हवं, आजकाल बरेच लॅपटॉप १६:१० येतायत.

रात्रीचा_टर्न:
+१ किल्लेदार. फक्त भर घालते, १६:१० वाल्या पडद्यावर १६:९ खेळायचं असेल तर काळजी नाही. १९२०×१२०० च्या पडद्यावर गेममध्ये १९२०×१०८० निवडायचं आणि ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये स्केलिंग "आस्पेक्ट रेशो" वर ठेवायचं. वर ६० आणि खाली ६० पिक्सेलची काळी पट्टी येते, बाकी पिक्सेलला पिक्सेल, काही धूसर होत नाही. "फुल स्क्रीन" स्केलिंग ठेवलं तर मात्र चित्र उभं ताणलं जातं आणि सगळे सैनिक उंच बारीक दिसतात.

बाकी सिव्हिलायझेशन आणि क्रुसेडर किंग्ज खेळणाऱ्यांनी १६:१० च घ्यावा असं मी ठामपणे सांगेन. सिव्ह ६ मध्ये वर साधनांची पट्टी, त्याखाली नेत्यांचे चेहरे, खाली उजवीकडे युनिटची माहिती, डावीकडे मिनीमॅप, सगळं उंची खाणारं आहे. उंची मिळाली की मधे नकाशाला श्वास घ्यायला जागा मिळते.

पिक्सेलमोजणी:
उंचीवरून आठवलं, हे आकडे लिहून ठेवा कोणी खरेदी करणार असेल तर, कारण इंच हे कर्णावर मोजतात आणि त्यात लोक फसतात. १५.६ इंची १६:९ पडदा ३४.५ सेंमी रुंद आणि १९.४ सेंमी उंच. १६ इंची १६:१० पडदा पण ३४.५ सेंमीच रुंद, उंची मात्र २१.५ सेंमी. आणि १७.३ इंची १६:९ ची उंची? तीही २१.५ सेंमीच. म्हणजे १६ इंची १६:१० घेतला तर रुंदी १५.६ ची आणि उंची १७ वाल्याची, बॅगेत मात्र १५.६ वाल्याच्या खणात बसण्याची शक्यता जास्त. १४ इंची १६:१० आहे ३०.२ बाय १८.८. क्षेत्रफळ काढलं तर १६ इंची हा १४ पेक्षा ३० टक्के मोठा निघतो. दोन इंचांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, तो तसा नाही.

हलकं_सामान:
मी १४ इंची २५६०×१६०० वाला वापरतो, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. रोज पाठीवर घेऊन फिरतो, जड लॅपटॉप मला शक्यच नाही. क्रुसेडर किंग्ज ३ मध्ये सेटिंगमध्ये यूआय स्केलिंगचा स्लायडर आहे, तो वाढवला की सगळं व्यवस्थित वाचता येतं आणि अक्षरं इतकी स्वच्छ दिसतात की जुन्या पडद्यावर परत जाववत नाही. एज २ मध्ये पण एचयूडीचं (पडद्यावरच्या पट्ट्या-बटणांचं) स्केल वेगळं वाढवता येतं, त्यात खालची पट्टी आणि बटणं मोठी होतात. सिव्ह ६ मध्ये यूआय अपस्केलिंगचा पर्याय आहे. या तिन्ही गेम्ससाठी तिरका_उंट यांना अडचण यायचं कारण नाही. जागा कमी पडते हे पिक्सेलमोजणी यांचं म्हणणं खरं आहे, क्रुसेडर किंग्जमध्ये टूलटिपमधल्या शब्दावर माऊस नेला की आणखी एक टूलटिप उघडते, त्यातल्या शब्दावर नेला की अजून एक, तीन-चार उघडल्या की खालचा नकाशा गायब. पण घरी मी २४ इंची मॉनिटर जोडतो. ज्याला फिरावं लागतं त्याच्यासाठी लहान लॅपटॉप अधिक घरी मॉनिटर, हे मला तरी सगळ्यात व्यवहार्य वाटतं.

मिनीमॅप:
हलकं_सामान, हाच तर माझा मुद्दा होता. स्केलिंग आहे ना सगळीकडे.

जुना_किल्लेदार:
सगळीकडे नाही ना. नव्या गेम्समध्ये आहे. जुने गेम काढले की पंचाईत. तिरका_उंट यांनी लिहिलंय की ते जुनं पण खेळतात. स्केलिंग नसलेला जुना गेम २५६०×१६०० वर चालवला की १४ इंचीवर बटणं टोकाएवढी होतात, आणि रिझोल्युशन उतरवलं तर सगळं धूसर, कारण २५६० ला १९२० ने भागलं तर पूर्णांक येत नाही, एक पिक्सेल एक आणि एक तृतीयांश पिक्सेलवर पसरवावा लागतो.

त्यातल्या त्यात चांगला मार्ग म्हणजे नेमकं निम्मं करायचं. २५६०×१६०० वर १२८०×८०० लावा आणि ड्रायव्हरमध्ये इंटिजर स्केलिंग असेल तर चालू करा, प्रत्येक पिक्सेलचे बरोब्बर चार होतात, कडा धारदार राहतात. फोर-के वर फुल एचडी तसंच जमतं. आणि एक गंमत सांगतो, हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३ चा मूळ पडदा ८००×६०० चा. त्याची दुप्पट १६००×१२००. म्हणजे १९२०×१२०० च्या पडद्यावर तो नेमका दुप्पट होऊन वरपासून खालपर्यंत बसतो, दोन्ही बाजूंना काळं, आणि काय सुंदर दिसतो म्हणून सांगू. फुल एचडीवर हे होत नाही कारण उंची १०८० च आहे. जुन्या गेम्सवर जीव असलेल्यांसाठी त्या १२० पिक्सेलचं मोल फार आहे.

नवी_चाल:
मधेच विचारते. माझ्याकडे २५६०×१६०० चा लॅपटॉप आहे पण एका जुन्या गेमच्या सेटिंगमध्ये २५६० दिसतच नाही, १७०७×१०६७ असलं काहीतरी विचित्र दाखवतो. पडद्यात फॉल्ट आहे का?

पिक्सेलमोजणी:
नवी_चाल, फॉल्ट नाही. विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग १५० टक्के असणार तुमचं. जुन्या गेमला हे स्केलिंग प्रकरण माहीतच नसतं, मग विंडोज त्याला सांगतं की पडदा १७०७×१०६७ चा आहे आणि गेमने काढलेलं चित्र नंतर स्वतः ताणून मोठं करतं, म्हणून धूसर पण दिसत असेल. गेमच्या एक्झी फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कॉम्पॅटिबिलिटी, त्यात "चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज", खालच्या ओव्हरराइडच्या चौकटीत टिक करून "ॲप्लिकेशन" निवडा. गेम बंद करून परत चालू करा, २५६०×१६०० दिसायला लागेल. मग अक्षरं बारीक झाली तर वर किल्लेदारांनी सांगितलेला निम्म्याचा मार्ग.

नवी_चाल:
झालं!! दिसतंय आता. खूप खूप धन्यवाद.

तिरका_उंट:
ग्राफिक्स कार्डचं कोणी बोललं नाही अजून. २५६०×१६०० झेपेल का मधल्या फळीतल्या कार्डाला? पिक्सेल जवळजवळ पावणेदोन पट होतात ना?

रात्रीचा_टर्न:
पावणेदोन पटीहून किंचित जास्तच, ४१ लाख विरुद्ध २३ लाख. पण तुमच्या यादीतल्या गेम्ससाठी हे तेवढं भयंकर नाही. क्रुसेडर किंग्ज, युरोपा युनिव्हर्सॅलिस, स्टेलॅरिस असल्या गेम्समध्ये शेवटी शेवटी गेम रेंगाळतो तो प्रोसेसरमुळे. शेकडो राज्यकर्ते, प्रत्येकाचे निर्णय, लग्नं, कट, हे सगळं प्रोसेसर मोजत असतो, त्याला पडदा किती पिक्सेलचा आहे याच्याशी देणंघेणं नाही. सिव्ह ६ मध्ये एंड टर्न दाबल्यावर जे थांबावं लागतं तेही तसंच. तिथे ग्राफिक्सचा आणि एआयच्या टर्नचा असे वेगवेगळे बेंचमार्क गेममध्येच दिलेत, कोणा मित्राच्या लॅपटॉपवर दोन्ही चालवून बघा, रिझोल्युशन बदलल्यावर पहिल्याचा निकाल बदलेल, दुसऱ्याचा जवळपास तोच राहील.

टोटल वॉर मात्र अपवाद. वॉरहॅमर ३ सारख्या गेममध्ये हजारो सैनिक एकदम पडद्यावर, गवत, धूर, तिथे २५६०×१६०० वर मधलं कार्ड घाम गाळतं. तिथे रिझोल्युशन उतरवू नका, रेंडर स्केल उतरवा. हा फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो. रिझोल्युशन उतरवलं की सगळंच धूसर होतं, अक्षरांसकट. रेंडर स्केल किंवा एफएसआर, डीएलएसएस यातलं गेममध्ये जे असेल ते वापरलं की फक्त रणांगणाचं त्रिमिती चित्र कमी पिक्सेलमध्ये बनून मोठं होतं, वरची बटणं आणि मजकूर पडद्याच्या मूळ रिझोल्युशनमध्येच राहतो. २५६०×१६०० वर रेंडर स्केल ७५ टक्के म्हणजे कार्डाला काम १९२०×१२०० एवढंच, आणि अक्षरं मात्र पूर्ण रेखीव.

पिक्सेलमोजणी:
याला शंभर टक्के अनुमोदन. वाचायच्या गेममध्ये मूळ रिझोल्युशन सोडायचं नाही, हा माझा एकमेव हट्ट आहे.

चाळिशीचा_चष्मा:
डोळ्यांबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. चाळिशी उलटलेल्यांनी पिक्सेलचा विचार नंतर करावा, आधी अंतराचा. लॅपटॉपचा पडदा कीबोर्डला जोडलेला, तो मागे सरकवता येत नाही, सरकवला तर हात अवघडतात. साध्या वाचनाचा चष्मा ४० सेंमीच्या आसपासच्या अंतरासाठी असतो आणि पडदा असतो ५५-६० सेंमीवर, मग माणूस नकळत मान पुढे काढून बसतो, रात्री मानेला कळतं. माझा उपाय असा, लॅपटॉप स्टँडवर थोडा उंच आणि मागे, कीबोर्ड-माऊस वेगळे. आणि पडदा १६ च्या खाली नाही. अक्षर अडीच मिमीच्या आसपास असलं की मला तासन् तास खेळता येतं, दीड मिमीवर अर्ध्या तासात डोळे चुरचुरतात. स्टँडवर ठेवून अंतर वाढवलं की यूआय स्केल पण एक पायरी वाढवायचं हे विसरू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्याचं अंतर मोजून सांगितलं तर त्या अंतराचा चष्मा बनवून मिळतो.

रंगारी:
रिझोल्युशनच्या नादात एक गोष्ट सगळे विसरतायत, रंग. स्पेसिफिकेशनमध्ये "४५ टक्के एनटीएससी" लिहिलं असेल तर तो पडदा एसआरजीबीचे (संगणकाच्या नेहमीच्या रंगपट्ट्याचे) साधारण ६२-६३ टक्केच रंग दाखवतो. एरवी चालून जातं, पण राजकीय नकाशावर वीस-पंचवीस राज्यं एकमेकांना खेटून असतात, फिक्कट हिरवं, जरा कमी फिक्कट हिरवं, मातकट, पिवळट. असल्या पडद्यावर शेजारची दोन राज्यं एकच वाटतात आणि सीमा कुठे संपते कळत नाही. एसआरजीबी १०० टक्के किंवा त्याच्या जवळपास असेल तर हा त्रासच नाही. रिझोल्युशन आणि रंग यातलं एकच परवडत असेल तर मी रंग घेईन.

आणि ब्राइटनेस. २५० निट्सच्या पडद्यावर दिवसा खिडकीजवळ बसून फॉग ऑफ वॉरच्या (नकाशाच्या अजून न उलगडलेल्या) काळ्या भागात काही दिसत नाही. ३५०-४०० पाहिजे.

नवी_चाल:
मग ओलेड (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारा) पडदा घेतला तर? रंग तर भारी असतात त्याचे.

रंगारी:
रंग अप्रतिम, काळा म्हणजे खराखुरा काळा. पण याच गेम्ससाठी मी बिचकतो. स्ट्रॅटेजी गेममध्ये वरची साधनांची पट्टी, मिनीमॅपची चौकट, खालची बटणं तासन् तास एकाच जागी एकाच उजेडात असतात, हीच ती बर्न-इनची (स्थिर चित्राचा डाग पडद्यावर कायमचा उमटण्याची) परिस्थिती. पडदा थोडा सरकवत राहणं वगैरे उपाय कंपन्या करतात, तरी रोज चार तास एकच गेम वर्षानुवर्षं खेळणाऱ्याने आयपीएस (नेहमीचा एलसीडी प्रकार) घ्यावा. ओलेड असेलच तर ब्राइटनेस मध्यम ठेवा आणि उठून जाताना पडदा बंद करून जा, गेम पॉज करून तसाच सोडू नका. काही जणांना कमी ब्राइटनेसवर ओलेडची लुकलुक जाणवते, डोकं दुखतं, ते दुकानात उभं राहून पाच मिनिटांत कळणार नाही.

मिनीमॅप:
रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं)? १४४ हर्ट्झ पाहिजे का?

जुना_किल्लेदार:
टर्न बेस्डला (आळीपाळीने खेळायच्या गेम्सना) गरज नाही. एज किंवा स्टारक्राफ्टमध्ये नकाशा भरभर सरकवताना १२० वर सैनिक स्पष्ट दिसतात, ६० वर जरा पुसट होतात. आला तर घ्या, त्यासाठी मोठा पडदा सोडू नका.

हलकं_सामान:
बाहेरचा मॉनिटर जोडणाऱ्यांसाठी एक. २४ इंची फुल एचडी म्हणजे इंचाला फक्त ९२ पिक्सेल, १२ पिक्सेलचं अक्षर ३.३ मिमीचं पडतं, लांबूनही वाचता येतं. २७ इंचीला २५६०×१४४० घ्या, इंचाला १०९, माझ्या मते स्ट्रॅटेजीसाठी सगळ्यात उत्तम मापाचा पडदा हाच. फक्त लॅपटॉपचं पोर्ट बघून घ्या. एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के मॉनिटरवर ३० हर्ट्झच मिळतात, कर्सर अडखळत चालल्यासारखा वाटतो. २.० पासून ६० मिळतात. आणि सुप्रीम कमांडरसारखा गेम खेळत असाल, २००७ चा, तर त्यात दुसऱ्या पडद्यावर वेगळा नकाशा उघडता येतो, लॅपटॉपचा पडदा तेव्हा नकाशाला वापरायचा.

तिरका_उंट:
सगळ्यांचे आभार, इतकी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. मला रोज फिरायचं नाहीये, टेबलावरच खेळणार, मॉनिटर घ्यायला जागा नाही. त्यामुळे १६ कडे कल झालाय. पण घेण्याआधी स्वतः तपासून बघायची काही युक्ती आहे का? दुकानातल्या लॅपटॉपवर गेम कोण लावून देणार.

पिक्सेलमोजणी:
आहे. तुमच्या आत्ताच्या लॅपटॉपवरच करता येईल. क्रुसेडर किंग्जचा २५६०×१६०० चा पूर्ण स्क्रीनशॉट कुठूनतरी मिळवा, १०० टक्के यूआय स्केलवर घेतलेला. फोटो व्ह्यूअरमध्ये उघडून पडद्यावर पट्टी धरा आणि चित्राची रुंदी ३०.२ सेंमी होईपर्यंत लहान-मोठं करा. १४ इंचीवर सगळं त्याच आकाराचं दिसेल. मग १९२०×१२०० चा स्क्रीनशॉट ३४.५ सेंमी रुंद करून बघा, तो १६ इंची. तुमच्या पडद्यावर ते १४ वालं चित्र थोडं खरबरीत दिसेल तिकडे लक्ष देऊ नका, आकार बघा. नेहमीच्या अंतरावर बसा, पाठ टेकवा, आणि टूलटिपमधली सगळ्यात बारीक ओळ वाचून बघा. चित्र पडद्यावर मावत नसेल तर अर्धाच भाग त्याच मापात ठेवला तरी चालतं.

आणि १६ इंचीतच २५६०×१६०० चा पर्याय मिळत असेल तर तोही बघाच. इंचाला १८९ पिक्सेल, यूआय १३० च्या आसपास ठेवलं की अक्षर १९२०×१२०० वाल्याइतकंच, पण छपाई जास्त स्वच्छ, आणि जड गेममध्ये रेंडर स्केल ७५. नाही मिळाला तर तुमचा १९२०×१२०० वाला बिनधास्त घ्या, फक्त रंगारी म्हणाले तसं एसआरजीबी किती टक्के ते विचारून.

तिरका_उंट:
करून बघितलं आत्ता. १४ च्या मापात वारसदारांच्या यादीखालची ती राखाडी ओळ वाचायला पुढे वाकावं लागलं, १६ च्या मापात टेकून वाचता आली. १६ च घेतो. आता दुकानदाराला रंगांचं विचारतो.

एक शेवटचं, १६ वर कर्सर बारीक वाटला तर विंडोजमधून मोठा केला की गेममध्ये पण होतो का?

रात्रीचा_टर्न:
गेम स्वतःचा कर्सर काढत असेल, आणि हे तिन्ही काढतात, तर विंडोजच्या पॉइंटर साइझचा उपयोग होत नाही. पण इंचाला १४१ पिक्सेलच्या पडद्यावर तो बारीक वाटणार नाही, हा त्रास मुख्यतः २०० च्या वरच्या पडद्यांवर होतो. त्यापेक्षा मल्टिप्लेअर खेळत असाल तर कर्सर पडद्याच्या आत अडकवून ठेवायची सेटिंग चालू करा, नाहीतर दुसरा पडदा कधी जोडलात की काठावर नकाशा सरकवायला गेल्यावर कर्सर पलीकडे निघून जातो.